सलामीचा हात

"सर, हा हात नाहीये, हा मेलेला मासा आहे," असं श्रद्धा मगदूम हसत हसत म्हणाली आणि अमृत थोरातांचा उजवा हात सगळ्यांना दिसेल असा तिनं वर धरला. सांगलीतल्या एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर तेव्हा तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला चाळीसेक प्राध्यापक बसले होते. त्यातले निम्मे हसले आणि उरलेल्यांनी आपापले हात हळूच मांडीला पुसले. पाठीमागच्या फ्लेक्सवर 'अध्यापनातून रोजगारक्षमता' असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली टाय बांधलेला एक परदेशी तरुण दुसऱ्या परदेशी तरुणाशी हात मिळवत होता. दोघांचेही दात पुरेपूर होते. थोरातांच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या जैन घरातली ही पोरगी, हिनं मेलेला मासा हातात धरला कधी? दुसरं जे मनात आलं ते तितकं सभ्य नव्हतं. तिची चार बोटं आपल्या मुठीत घ्यावीत आणि भुईमुगाच्या शेंगा फोडतात तशी एकेक पेर्‍याशी फोडावीत. आवाजसुद्धा तसाच येईल. हे मनात चालू असताना चेहऱ्यावर त्यांचं भूगोलाच्या प्राध्यापकाचं हसू होतं, बावन्न वर्षांचं, विनातक्रार. "बरोबर आहे मॅडम," ते म्हणाले, "आमच्याकडं सवय नाही."

बाई वाईट नव्हती, हीच अडचण होती. वाईट माणसावर राग धरता येतो, तो धरून घरी नेता येतो. श्रद्धा मगदूम इथलीच होती, सांगलीचीच, पुण्यात एका कंपनीत माणसं निवडायच्या कामावर काही वर्षं काढून आली होती. "आपल्या पोरांना सगळं येतं हो, सर," ती म्हणाली, आणि हे म्हणताना ती हसत नव्हती. "दारातनं आत येऊन हात देईपर्यंत त्यांचा निकाल लागलेला असतो. मी स्वतः लावलाय. आटपाडीचा असू दे, जतचा असू दे, पोरगं हुशार असतं आणि हातात मार खातं." मग तिनं तीन गोष्टी सांगितल्या. पकड घट्ट. नजर थेट नजरेत. पाऊल एक पुढं. या तीन गोष्टी प्रत्येकानं आपापल्या विषयात मिसळायच्या होत्या. थोरातांनी कृष्णा-कोयनेचा संगम घेतला आणि त्यातून 'संघभावना' काढून दाखवली. दोन नद्या समोरासमोर येतात, एकमेकींना मिठी मारतात आणि पुढं एक होऊन जातात. टाळ्या पडल्या. संगमानंतर कोयनेचं नाव कुठं जातं, हे कुणी विचारलं नाही. भूगोलात करिअर नाही, हे संस्थेला अलीकडं कळलं होतं; थोरातांना ते स्वतःच्या लग्नाच्या बोलण्यांतच कळलं होतं. म्हणूनच तर प्राचार्यांनी त्यांना 'करिअर समन्वयक' केलं होतं. ज्याचं काहीच व्हायचं राहिलेलं नाही, तो माणूस दुसऱ्याचं करण्यासाठी मोकळा असतो.

कराडला परतीच्या एसटीत त्यांना खिडकीशी जागा मिळाली. पुढच्या सीटची लोखंडी दांडी त्यांनी उजव्या हातात धरली आणि आवळली. सोडली, पुन्हा आवळली. मळी आणि उसाच्या चोथ्याचा वास आत येत होता, आणि त्या वासाखालून, कुणी बोलावलं नसताना, दुसरा एक वास वर आला. तेल, ताक, हळद आणि लिंबू पिळून मळलेल्या तांबड्या मातीचा. त्यांचे वडील लालासाहेब फौजेतून पेन्शनीवर आले तेव्हा बरोबर एक ट्रंक आणि एक तत्त्व घेऊन आले होते. तत्त्व असं, की मार खाल्ल्याशिवाय माणूस होत नाही. गावच्या तालमीत ते वस्ताद झाले आणि आठ वर्षांचा अमृत हा त्यांचा सगळ्यात जवळ उभा असलेला पठ्ठा होता, म्हणजे हाताच्या टप्प्यातला. पहाटे त्या मातीत उभं राहायचं. समोरच्यानं मूठभर माती तुमच्या हाताला लावायची, तुम्ही त्याच्या. मग हात हातात. सलामी. "बघ त्याच्या डोळ्यात. धर घट्ट. सरक फुडं," वडील ओरडायचे आणि छडी पोटरीवर बसायची. मॅडमच्या तीन गोष्टी आणि वडिलांच्या तीन गोष्टी यांत छडीचाच काय तो फरक होता, हे थोरातांच्या तेव्हा एसटीत ध्यानात यायला हवं होतं. आलंही असेल. माणसाच्या ध्यानात पुष्कळ येतं; तो ते पुढच्या स्टॉपला उतरवून देतो. वडिलांची चौथी एक गोष्टही होती, तीही त्यांना आठवली. "पाडायचं, पन हात सोडायचा. धरून ठिवून पाडतो तो पैलवान न्हवं, वैरी." आणि मग ती जत्रेतली कुस्ती. अकरा वर्षांचा अमृत, समोर शेजारच्या गावचं एक काळं, किडकिडीत पोरगं. सलामी झडली आणि आभाळ दिसलं. इतकं सोपं. पाठीला माती गार लागली, आता काही करायचं उरलं नाही असं वाटलं, आणि तो पडल्या पडल्या हसला. वडील मैदानात आले. हरल्याबद्दल ते काही बोलले नाहीत. "हासतंय?" एवढंच म्हणाले, आणि सगळ्या जत्रेदेखत अशी कानाखाली वाजवली की अजूनही थंडीत थोरातांचा तो कान सुन्न पडतो. त्यानंतर ते कधी मातीत उतरले नाहीत. भूगोलात मातीचे प्रकार शिकवले, तेवढंच.

सोमवारी त्यांनी तिसऱ्या वर्षाच्या वर्गावर 'मृदा' हा घटक काढला आणि त्यात रोजगारक्षमता मिसळली. "मुलाखतीला गेल्यावर पहिली गोष्ट काय? हात. कोण येतंय पुढं?" कुणी येईना. मागच्या बाकावर शिवतेज नावाचं पोरगं पेंगत होतं. आटपाडीकडचं, कराडात तालमीत राहणारं, कान फुटून भज्यांसारखे झालेले. पहाटेची मेहनत आणि दुपारचा भूगोल यांच्यात झोपायला त्याला भूगोलच मिळायचा. पोलीसभरतीत लेखीच्या आधीचं मैदान त्याचं महिन्याच्या आत होतं. धावणं आणि गोळाफेक. आटपाडीच्या त्याच्या घरात एवढी एकच गोष्ट घडायची बाकी होती आणि ती त्याच्याकडून घडायची होती. "ऊठ रं शिवतेज, ये पुढं," थोरात म्हणाले. ते आलं, डोळे चोळत, बैल दावणीतून सोडल्यासारखं. "हात दे. असा नाही. पकड घट्ट." पोरानं हात घट्ट केला. तो हात हातात आल्यावर थोरातांना काय झालं ते त्यांनी नंतर कुणाला सांगितलं नाही. तळव्याचे घट्टे त्यांच्या तळव्याला लागले आणि चाळीस वर्षांपूर्वीची ती मूठभर माती मधल्या मध्ये आली. बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्यांनी शिकवण्यापुरतं दाबायचं ते जास्त दाबलं. "बघ डोळ्यात," ते म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा नव्हता. "सरक फुडं." आणि पोराला सांगता सांगता त्यांचं स्वतःचं डावं पाऊल पुढं सरकलं.

पोराचे डोळे बदलले. तिथं झोप नव्हती, वर्ग नव्हता, सर नव्हते. मग थोरातांना वर्गाचं छत दिसलं. पंख्याची पाती, पात्यांवरची जळमटं, कोपऱ्यातली ओल, तिचा आकार साधारण श्रीलंकेसारखा. टांगेचा डाव होता. स्वच्छ, देखणी. आत शिरून, कमरेवर घेऊन. पडता पडता पोरानं त्यांचा हात सोडला होता आणि दुसऱ्या हाताचा पंजा सरांच्या डोक्याखाली घातला होता, म्हणून डोकं फरशीवर आपटायच्याऐवजी एका गरम पंजावर आपटलं. हे सगळं दुसऱ्या बाकावरच्या मोबाईलमध्ये आलं. त्यात आणखीही एक आलं. बावन्न वर्षांचे थोरात सर, फरशीवर उताणे, चष्मा कपाळावर, आणि हसतायत.

"सर, चुकलं वो माजं," शिवतेज रडवेला झाला होता. "हात आला, डोळं भिडलं, की आंगच फिरतंय बगा. मी न्हाई केलं, सर. झालं."

"लागलं नाही रे," थोरात म्हणाले. खरं होतं. लागलं नव्हतं, हेच त्यांना सहन होत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ साताऱ्यापासून सांगलीपर्यंत पोचला. वाईच्या मेहुण्यानं फोन करून तब्येतीची चौकशी केली आणि चौकशी करता करता दोनदा हसू गिळलं. पडण्याचं कुणाला काही नव्हतं. माणसं पडतात. सगळ्यांना ते हसू खुपलं होतं. कुणीतरी त्याला हलगी लावली, कुणीतरी हसऱ्या चेहऱ्याभोवती फुलांचा हार काढला. "काय ते समाधान!" असं स्टाफरूममध्ये वाणिज्य विभाग म्हणाला. थोरातांनी हातातला चहा प्यायला आणि पीत असताना वाणिज्य विभागाचं डोकं चहाच्या किटलीनं तीन वेळा फोडलं. तिसऱ्या वेळी किटलीला पोचा आला. मग त्यांनी कप विसळून जागेवर ठेवला. असं ते दिवसभर करत राहिले. जिना उतरताना समोरच्याला ढकलत होते, वर्गात खडू मोडताना मानेचा मणका मोडत होते, उसाच्या ट्रॉलीमागून स्कूटरनं जाताना ट्रॉली कुणावर तरी उलटवत होते. 'कुणावर' याचा चेहरा ठरत नव्हता. कधी तो शिवतेजचा असायचा, कधी मॅडमचा, कधी त्या फ्लेक्सवरच्या दातवाल्याचा. बहुतेक वेळा तो लालासाहेबांचा असायचा, पण वडील वारून बारा वर्षं झाली होती आणि गेलेल्या माणसाला मारणं बरं दिसत नाही.

प्राचार्य वीरधवल मोहित्यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "थोरात सर, दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "एक, पोलिसांत तक्रार. विद्यार्थ्यानं प्राध्यापकावर हात उचलला."

"तक्रार झाली तर त्याची भरती संपली, सर."

"संपली. म्हणून दुसरा रस्ता. समिती येणार आहे, मूल्यांकनाची. त्यांच्यासमोर हाच प्रकार नीट करून दाखवायचा. हाच मुलगा, तुम्ही, हस्तांदोलन. म्हणजे व्हिडिओतलं काय होतं? सराव होता. याला आपण अ‍ॅक्टिव्हिटी म्हणू." प्राचार्यांचा हा गुण होता. कॉलेजात आग लागली असती तरी तिला त्यांनी उपक्रम म्हटलं असतं. "त्या सांगलीच्या मॅडमनाही बोलावू. काय?"

थोरात 'हो' म्हणाले. पोराला वाचवतोय, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना पटलंही. एक चांगलं कारण मिळालं की माणूस त्याच्या आड काहीही उभं करू शकतो. त्यांनी घरी बेडरूमचं दार लोटून कपाटासमोर उभं राहायला सुरुवात केली. कपाटाची मूठ उजव्या हातात, नजर आरशातल्या नजरेत, पाऊल पुढं, आत वळायचं, कंबर लावायची. गुडघा वाजायचा. पहिल्या दिवशी वाजला, नंतर वाजायचा थांबला. अंगाला आठवत होतं. त्यांना शिकवताना जे कधी जमलं नव्हतं ते अंगानं चाळीस वर्षं मुकाट्यानं सांभाळून ठेवलं होतं. एकदा राजेश्वरी कपडे ठेवायला आली आणि दारातच थांबली. बावीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला कशालाच इतकं घट्ट धरलेलं पाहिलं नव्हतं.

"आवं, कपाटाला नोकरी लावताय का?"

"प्रात्यक्षिक आहे. कॉलेजात."

"मग हात मिळवा की. त्याला उचलताय कशाला?"

थोरातांनी मूठ सोडली. या प्रश्नाला उत्तर होतं. ते त्यांनी कपाटात ठेवलं.

समितीचे तिघं पहिल्या रांगेत बसले होते, शाली अंगावर, नारळ मांडीवर. सभागृहाची फरशी नवी होती, गुळगुळीत, चेहरा दिसेल अशी. काळी माती पाणी धरते, तांबडी निचरा करते, फरशी काहीच करत नाही. ती येईल ते परत देते. श्रद्धा मगदूम बाजूला माईक घेऊन उभी होती. "आता थोरात सर आणि शिवतेज आपल्याला दाखवतील, मुलाखतीतला पहिला क्षण," ती म्हणाली, आणि थोरातांकडं बघून तिनं मान हलवली, धीर द्यायला. शिवतेज उसन्या पांढऱ्या शर्टात आला. शर्ट दंडावर फुटायला आला होता. विंगेत त्याला चार वेळा बजावलेलं होतं, हात दे आणि गप उभा राहा. त्यानं हात पुढं केला. थोरातांनी तो धरला.

हातात काहीच नव्हतं. पोरानं हात सैल सोडला होता, आदरानं, भीतीनं, सगळ्या अंगानं खबरदारी घेऊन. गार, ओलसर, हाड नसल्यासारखा. मेलेला मासा. नजर खाली, सरांच्या बुटांवर. जो हात बैल वळवतो, तो हात त्यांच्यासमोर मरून पडला होता. त्यांच्यासाठी एवढंच पुरे आहे, असं ठरवून. "पकड," थोरात ओठांतल्या ओठांत म्हणाले. पोरानं पकडलं नाही. "बघ वर." पोरानं मान हलवली, नको म्हणून. तेवढ्यात मागून, जिथं पोरं बसली होती तिथून, कुणीतरी हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं, "सर, हासा की!" आणि सभागृह खुदकन हललं. समितीतले एकजण कारण न कळता हसले.

थोरात आत वळले. पाऊल, कंबर, खांदा, कपाटापेक्षा सोपं. त्या अर्ध्या श्वासात त्यांना दोन गोष्टी कळल्या. एक ही, की वजन येतच नाहीये. शिवतेजसारख्या गड्याला हलवायचं तर खालची जमीन हलवावी लागली असती, आणि हा उसाच्या वाळल्या पाचटासारखा कमरेवरून येतोय. त्याला कळलं होतं. पहिल्या वळणालाच कळलं होतं, आणि त्यानं अंग सोडून दिलं होतं. कुस्ती देत होता तो. दुसरी ही, की आता हात सोडायचा. पाडायचं, पण सोडायचा. हे त्यांना कळलं. अगदी स्वच्छ कळलं. पकड घट्ट होती.

हिरवी ओली फांदी मोडते तसा आवाज झाला. मोठा नाही. फरशीनं तो परत दिला म्हणून ऐकू आला.

टाळ्या आधी समितीनं वाजवल्या, मग प्राचार्यांनी, मग सगळ्यांनी. मागच्या पोरांनी शिट्ट्या घातल्या. शिवतेज उताणा पडला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर, दुखणं अजून तिथवर पोचलेलं नसल्यामुळं, हसू होतं. "फिटलं बगा, सर," तो हळूच म्हणाला, फक्त त्यांना ऐकू येईल असं. "आता कोन न्हाई काय म्हणनार तुमास्नी."

थोरातांनी ते हसू बघितलं आणि त्याच वेळी कोपराखालचा तो हात बघितला, जो जायला नको त्या बाजूला गेला होता. "हासतंय?" असं कुणीतरी म्हणालं आणि त्यांच्या डाव्या हातानं पोराच्या कानाखाली काडकन वाजवली. फुटलेल्या कानावर. सभागृहाला वाटलं, शाबासकी. टाळ्या वाढल्या. लांबून बघितलं तर मारणं आणि थोपटणं यांत फारसा फरक नसतो, आणि समिती लांबच बसलेली होती.

"सर, हात सोडा," श्रद्धा मगदूम म्हणाली. ती माईक टाकून धावत आली होती. माईक फरशीवर गडगडत होता. "सर! त्याचा हात सोडा. अहो, सोडा!" पोराचा पंजा अजून त्यांच्या उजव्या हातात होता. दाबून. तिला तो त्यांची बोटं एकेक करून सोडवावा लागला. पेर्‍यापेर्‍याशी. तिनं वर बघितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत थोरातांना जे दिसलं ते त्यांनी जत्रेत, आभाळाच्या अलीकडं, गर्दीतल्या एका बाईच्या डोळ्यांत एकदा पाहिलं होतं. त्यांची आई होती ती. ती तेव्हा पुढं आली नव्हती.

कराडातल्या हाडांच्या दवाखान्यात बाकावर दोघंच बसले होते. प्राचार्य समितीला जेवायला घेऊन गेले होते. अ‍ॅक्टिव्हिटी फार आवडली होती त्यांना. शिवतेजचा हात पुठ्ठ्यात बांधून गळ्यात अडकवलेला होता. सांधा निखळलाय आणि हाडही गेलंय, डॉक्टर म्हणाले होते, ऑपरेशन लागेल, मग तीन महिने विसरा. कंपाउंडरनं कागदावर लिहायला विचारलं, कसं झालं, तर थोरातांनी तोंड उघडायच्या आत पोरगं म्हणालं, "तालमीत पडलो." कंपाउंडरनं लिहून घेतलं. या गावात मोडल्या हाताला कुणी दुसरं कारण मागत नाही. पांढऱ्या शर्टाची बाही डॉक्टरांनी कापली होती. शर्ट कुणाचा होता, हे विचारायचं थोरातांच्या मनात आलं आणि त्यांनी विचारलं नाही. त्यांचा स्वतःचा उजवा तळवा मांडीवर उताणा पडलेला होता, आणि तो त्यांना आपला वाटत नव्हता. कुणीतरी बाकावर विसरून गेल्यासारखा. त्याला अजून बरं वाटत होतं. हे सगळ्यात वाईट होतं. त्या तळव्यात, मधोमध, जिथं पोराचे घट्टे लागले होते तिथं, एक ऊब होती आणि ती जात नव्हती.

"सर," शिवतेज म्हणाला. त्याचा सुजलेला कान लाल झाला होता. बराच वेळ तो समोरच्या भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडं बघत होता, उजव्या कोपराचा सांधा कुठं असतो ते. "तुमी करिअरचं बगता न्हवं?"

"हो."

"मैदान पंदरा दिवसांवर आलंय. पळायचं जमंल, पाय काय झालं न्हाईत. गोळा ऱ्हायला." त्यानं डावा हात पुढं केला, मूठ केली, उघडली, जणू त्यात गोळा धरून बघत होता. "डाव्या हातानं फेकला तर चालतंय का वो?"

थोरातांना माहीत नव्हतं. सांगलीच्या तीन दिवसांत गोळ्याबद्दल काही नव्हतं. गळ्यात हात बांधलेल्याला मैदानात उभं करतात का, हे मात्र त्यांना माहीत होतं. पोरगं त्यांच्याकडं बघत होतं. सभागृहात जी नजर त्यांना मिळाली नव्हती, ती आता त्यानं आपण होऊन वर केली होती. थेट.

थोरात बाकावर एक वीत पुढं सरकले. पोराचा डावा हात त्यांनी आपल्या हातात घेतला, घट्ट, आणि त्याच्या डोळ्यात डोळे घातले.

"चालतंय," ते म्हणाले. आवाज खणखणीत होता.